कुत्र्याला ऑलिव्ह देताय? या चुका टाळा

दापोलीपासून मालवणपर्यंत किनाऱ्यावरच्या बऱ्याच होमस्टेंमध्ये आता कुत्र्याला सोबत घेऊन राहता येतं. पाहुण्यांबरोबर पिझ्झा, पास्ता आणि ऑलिव्हची बरणीही येते. पायरीवर आशेने बसलेल्या कुत्र्यापुढे कुणीतरी एखादं ऑलिव्ह टाकतं, आणि ते गिळून झाल्यावर विचारणा सुरू होते: हे चालतं का हो याला?

ऑलिव्हचं फळ कुत्र्याला विषारी नाही. धडधाकट, मोठ्या कुत्र्याने बी काढलेलं, आत काहीही न भरलेलं एखाददुसरं ऑलिव्ह खाल्लं तर घाबरू नका. मात्र त्याला त्याची गरजही नाही, आणि मी स्वतःहून देण्याचा सल्ला देणार नाही. त्रास होतो तो फळासोबत पोटात जाणाऱ्या गोष्टींमुळे.

दिवसभराचं मीठ न मोजणं

झाडावरून काढलेलं ऑलिव्ह इतकं कडू असतं की तसं खाववत नाही. कडूपणा घालवून ते मिठाच्या पाण्यात मुरवतात, म्हणून बरणीतलं प्रत्येक फळ खारट असतं. १०० ग्रॅम हिरव्या ऑलिव्हमध्ये साधारण दीड ग्रॅम सोडियम असतं. डब्यातल्या काळ्या ऑलिव्हमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे २०० मिलिग्रॅम सोडियम पुरतं. चार मध्यम आकाराची हिरवी ऑलिव्ह खाल्ली की तेवढं झालंच.

निरोगी कुत्रा भरपूर पाणी पिऊन जास्तीचं मीठ बाहेर टाकतो. पण आपल्याकडे प्रश्न नुसत्या ऑलिव्हचा नसतो. लाटांमध्ये चेंडू आणताना कुत्रा समुद्राचं पाणी गिळत असतो, आणि त्या पाण्याच्या एका लिटरमध्ये जवळपास ३५ ग्रॅम क्षार असतात. परतताना वाळत घातलेल्या खाऱ्या बांगड्यांवर तोंड मारतो. त्यावर संध्याकाळी ऑलिव्ह, आणि कहर म्हणजे बरणीतलं पाणी भातावर. असं करू नका. समुद्रावर जाताना गोड्या पाण्याची बाटली आणि वाटी सोबत ठेवा. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाजा. उलट्या, जुलाब, न भागणारी तहान, झोकांड्या किंवा झटके दिसले तर वाट न बघता दवाखाना गाठा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला एकही ऑलिव्ह नको.

बी काढलेलं आहे असं गृहीत धरणं

ऑलिव्हची बी टणक आणि टोकाला निमुळती असते. चावली तर दात तुटू शकतो, गिळली तर लहान कुत्र्याच्या घशात किंवा आतड्यात अडकू शकते. बरणीवर 'बिनबियांचे' छापलेलं असलं तरी एखादी बी किंवा तिचा तुकडा आत राहू शकतो. म्हणून सुरीने फळ उभं कापा, दोन्ही फाका बोटाने चाचपा.

खरं तर कोकणात याहून मोठी धास्ती आंब्याच्या बाठीची. एप्रिल-मे महिन्यांत रस काढून झाल्यावर बाठी परसात फेकल्या जातात. कुत्रा त्या चघळतो, निसरड्या झाल्या की गिळतो. पोटात गेलेली बाठ आपण होऊन बाहेर पडेल या भरवशावर राहू नका. बाठी झाकण असलेल्या बादलीत टाका. बी असो वा बाठ, वारंवार उलटी, खाण्याकडे पाठ, शी न होणं, पोटाला हात लावू न देणं ही अडकल्याची लक्षणं. 'सरकेल' म्हणून खोबरेल किंवा तूप पाजू नका.

आत काय भरलंय ते न पाहणं

लाल तुकडा गोड मिरचीचा असेल तर फारसं बिघडत नाही. लसूण किंवा कांदा असेल तर मात्र गोष्ट गंभीर. दोन्हींमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि याची लक्षणं बहुतेकदा काही दिवसांनी दिसतात. त्यामुळे 'काल खाल्लं, आज खेळतोय' यावर निर्धास्त होऊ नका. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरड्या फिकट, लघवी गडद तपकिरी किंवा कुत्रा मलूल दिसला तर लगेच निघा. पिझ्झावरच्या ऑलिव्हलाही हेच लागू, कारण सॉसमध्ये लसूण-कांदा असतोच. ताटात द्राक्षं, बेदाणे किंवा चिंच असेल तर तीही दूर ठेवा. त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

केसांना चकाकी यावी म्हणून काहीजण कुत्र्याच्या खाण्यात ऑलिव्ह तेल ओततात. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात, आणि १० किलोच्या कुत्र्याची दिवसाची गरज साधारण ६०० कॅलरींची. जास्त चरबीने जुलाब होतात, कधी स्वादुपिंडाला सूजही येते.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं

सगळ्यांत घातक चूक हीच. आधीच खारट खाल्लेल्या कुत्र्याच्या अंगात तुम्ही आणखी मीठ भरता, आणि तेवढ्याने जीव जाऊ शकतो. बी किंवा बाठ वर येताना घशात अडकायचा धोका वेगळाच. उलटी काढायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सोनोग्राफीची सोय असेलच असं नाही, तेव्हा निघण्याआधी फोन करा. कुत्र्याचं वजन, काय आणि साधारण किती खाल्लं, बी होती का, किती वाजता, आधीचा आजार आणि चालू औषधं हे सांगा. बरणी सोबत घ्या. तिच्यावर घटकपदार्थांची यादी असते.