फॉर्म बी भरायच्या आधी: रॅटची संख्या खरंच कशी कमी करायची

सिनॉप्सिसचे (थीसिसच्या आराखड्याचे) दिवस आले की एम फार्मची पोरं फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या मंजुरीचा अर्ज, घेऊन माझ्याकडे येतात, आणि जवळपास सगळ्यांच्या फॉर्मवर तोच आकडा असतो, ग्रुपमध्ये ६ रॅट. का ६? तर सीनियरने ६ घेतले होते म्हणून. पोरांनो, त्या आकड्यामागे जीव आहेत, आणि ते वाचवायची वेळ एथिक्स कमिटीची मीटिंग नाही, त्याच्या महिनाभर आधीची तुमची टेबलावरची बैठक आहे.

सगळ्यात आधी बघा की प्राणी लागतात तरी का. समजा तुम्ही संत्र्याच्या सालीच्या अर्कावर काम करून राहिले, तर त्याच सालीच्या, त्याच सॉल्व्हंटमधल्या अर्काची अ‍ॅक्यूट टॉक्सिसिटी (एका डोसनंतर लगेच दिसणारा विषारीपणा) कुणी छापली असेल तर ती जोडा आणि तीच टेस्ट पुन्हा करू नका. शुद्ध केमिकल असेल तर ओईसीडीचं (टेस्टच्या गाईडलाईन काढणारी आंतरराष्ट्रीय संस्था) क्यूएसएआर टूलबॉक्स किंवा टॉक्सट्री ही सॉफ्टवेअर वापरा, दोन्ही फुकट आहेत, स्ट्रक्चर टाकलं की धोक्याचा भाग कुठे आहे ते दिसतं (अर्काला हे चालत नाही, ते मिश्रण असतं). डोळ्याच्या जळजळीसाठी सशाच्या डोळ्यात थेंब टाकायची काही गरज नाही, ओईसीडीच्या ४३८ नंबरच्या गाईडलाईनमध्ये कत्तलखान्यातून आणलेले कोंबडीचे डोळे चालतात, आणि त्वचेसाठी ४३९ मध्ये माणसाच्या पेशींपासून वाढवलेली त्वचा वापरतात. आपल्याकडे २०२३ च्या मार्चमध्ये नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून पेशी, ऑर्गन-ऑन-चिप (चिपवर पेशींनी बनवलेला छोटा अवयव), कॉम्प्युटर मॉडेल यांना कायद्यात जागा आहे, म्हणून 'प्राण्याशिवाय मान्यच करत नाहीत' हे उत्तर आता देऊ नका.

तरी अ‍ॅक्यूट टॉक्सिसिटी करावीच लागली तर जुना एलडी फिफ्टी (निम्मे प्राणी मरतात तो डोस) काढत बसू नका, ती ४०१ नंबरची टेस्ट ओईसीडीने २००२ मध्येच रद्द केली. त्याऐवजीच्या ४२३ मध्ये एका टप्प्याला ३ प्राणी लागतात, २००० मिलिग्रॅम प्रति किलोच्या लिमिट टेस्टला (एवढ्या एकाच मोठ्या डोसला काही होतं का ते बघायची टेस्ट) एकूण ६, आणि ४२५ ने केली तर जास्तीत जास्त ५. सुरुवातीचा डोस अंदाजाने घेऊ नका, आधी ३टी३ पेशींवर (लॅबमध्ये वाढवलेल्या उंदराच्या पेशी) न्यूट्रल रेड टेस्ट करा. जिवंत पेशी लाल रंग आत धरून ठेवतात, मेलेल्या धरत नाहीत, त्यावरून पहिला डोस कुठे ठेवायचा ते कळतं.

आता तो ६ चा आकडा. आधीचा एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे रीडिंग सरासरीपासून किती इकडेतिकडे होतात ते) माहीत असेल तर जीपॉवर नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून संख्या काढा. माहीत नसेल तर साधं गणित आहे, एकूण प्राण्यांतून ग्रुपची संख्या वजा करा, उत्तर १० ते २० मध्ये यायला पाहिजे. ५ ग्रुप, प्रत्येकी ६ म्हणजे ३०, वजा ५, उरले २५, म्हणजे जास्त झाले. प्रत्येकी ४ घेतले तर २० वजा ५, १५, बरोबर बसलं. १० रॅट वाचले बघा, एका वजाबाकीत! पण उगाच चांगलं दिसावं म्हणून २-२ वरही आणू नका, निकालच निघाला नाही तर होते ते सगळेच वाया गेले.

एसडीचं इतकं सांगून राहिली कारण मी स्वतः त्यात पोळली आहे. माझ्या एम फार्मच्या वेळी मे महिना होता, बाहेर ४५ डिग्री, अ‍ॅनिमल हाऊसमध्ये फक्त कूलर, आणि रात्री लाईट गेली ती सकाळीच आली. मी आत गेली तर रॅट पिंजऱ्यात पोट टेकून लांबलचक पडलेले, छातीवरचे केस थुंकीने ओले. रॅटला आपल्यासारखा घाम येत नाही, ते अंग चाटून गार व्हायचा प्रयत्न करतात. पुढच्या आठवड्यात वजनं आणि शुगर इतकी इकडेतिकडे झाली की दोन ग्रुप पुन्हा घ्यावे लागले. ते १२ जीव माझ्या डोक्यातून अजून गेले नाहीत. एसडी दुप्पट झाला की तोच फरक दिसायला प्राणी चौपट लागतात, म्हणून नागपूरात एप्रिल-मेमध्ये एसी आणि बॅकअपची खात्री नसेल तर डोसिंग सुरूच करू नका. खोली २२ डिग्रीच्या आसपास पाहिजे, ३ इकडेतिकडे चालतं. किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर पिंजऱ्याच्या उंचीवर लावा, दाराजवळ नाही, आणि रोज वहीत लिहा. कूलरने ओलावा वाढतो, तोही बघा, ७० टक्क्यांच्या वर नको.

माईस असतील तर शेपटीने उचलू नका, प्लास्टिकच्या नळीत चालू द्या नाहीतर ओंजळीत घ्या. घाबरलेल्या प्राण्याचं रीडिंग तसंही भरवशाचं नसतं.

आणि लॅबमध्ये एकमेकांना विचारा ना! दोघांचं मॉडेल एक, स्ट्रेन (प्राण्याची जात) एक, आठवडे तेच असतील तर कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठी औषध न दिलेला) एकच ठेवा, फक्त दोन्ही फॉर्ममध्ये आधीच तसं लिहून मंजुरी घ्या. प्रयोग संपल्यावर कुणाला लिव्हर, कुणाला किडनी लागते ते आधी विचारून ठेवा. ट्रेकियाचं काम असेल तर सकाळी सहालाच थंड क्रेब्ज सोल्यूशनचा (अवयव ताजा ठेवणारं क्षारांचं पाणी) थर्मास घेऊन ओळखीच्या मटणवाल्याकडे जा, बोकडाची श्वासनलिका तो काढून देतो, आदल्या दिवशी फक्त सांगून ठेवा.

थीसिसमध्ये कुठल्या डोसला काही झालं नाही तेही पूर्ण टेबलसकट लिहा, अर्क कसा काढला त्यासकट. पुढच्या वर्षीचा ज्युनियर तेच झाड घेऊन येईल तेव्हा त्याला ते पान उघडून दाखवता येईल.