परदेशात हॉस्टेलमध्ये राहायचंय? बुकिंगपासून चेकआउटपर्यंत काय काय करायचं

आपल्या ठाणे-नवी मुंबईत आता अशी बरीच मंडळी झालीयेत (नुसती कॉलेजची पोरं नाही, चाळिशीतले काका-मावश्या पण) की ज्यांना टूरवाल्याच्या झेंड्यामागून फिरायचं नाहीये, आपलं आपण जायचंय, पण हॉटेलचे दर बघितले की बेत जागच्या जागी बारगळतो. हे त्यांच्यासाठी. हॉस्टेलचा व्यवहार सरळ आहे, खोली नाही, एक खाट भाड्याने घ्यायची आणि हॉटेलमधली निम्मी कामं आपल्या अंगावर घ्यायची. चादर आपण घालायची, भांडी आपण घासायची, सामान आपण सांभाळायचं, म्हणून ते स्वस्त. यातलं काय काय आपल्या गळ्यात पडणार हे बुकिंगच्या आधी ज्याने बघितलं तो मजेत राहतो, आणि ज्याला तिथे गेल्यावर कळतं तो परत येऊन सगळ्यांना सांगत बसतो की छे, हॉस्टेल म्हणजे काही खरं नाही.

हा प्रकार सुरू केला तो पण एका मास्तरांनी. जर्मनीत आल्टेना नावाच्या गावातल्या किल्ल्यात १९१२ साली रिशार्ड शिरमान या शाळामास्तरांनी पायी भटकणाऱ्या मुलांसाठी मुक्कामाची सोय केली, तिथून पुढे जगभर पसरलं. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या यूथ हॉस्टेलांत अजून थोडा शाळेचा वास आहे, आपलं ताट आपण उचला, चादर काढून टोपलीत टाका, रात्री आवाज बंद. मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने अशाच ठिकाणी जावं. पार्टी हॉस्टेल वेगळं, तिथे खालच्या मजल्यावर बार असतो, पहाटेपर्यंत धिंगाणा, ज्याला ते हवंय त्याने खुशाल जावं पण झोपेची अपेक्षा ठेवू नये.

पहिलं काम, हिशोब

नुसता खाटेचा दर बघू नका, अख्ख्या दिवसाचा खर्च मांडा. गावाबाहेरचं हॉस्टेल सात-आठ युरोने स्वस्त दिसतं, पण रोज जाऊन-येऊन मेट्रोला तेवढेच गेले आणि एखाद्या रात्री शेवटची गाडी सुटली तर टॅक्सी, मग वाचवलं काय? घोडबंदरला स्वस्त फ्लॅट घेऊन रोज अंधेरीला नोकरीला जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

हनोईसारख्या ठिकाणी बरी डॉर्मची (म्हणजे बऱ्याच जणांच्या सामायिक खोलीतली) खाट साधारण ५०० ते ९०० रुपयांत मिळून जाते. तशीच खाट उन्हाळ्यात ॲमस्टरडॅम किंवा पॅरिसला ४०-५० युरोला पण जाते, म्हणजे रुपयांत चार-पाच हजार, त्यामुळे दोघं-तिघं असाल तर तेवढ्यात साधी खोली मिळतेय का हे बघूनच ठरवा, कारण हॉस्टेल नेहमीच स्वस्त पडतं असं काही नाही. शुक्रवार-शनिवार दर वाढतात. आणि सणावाराला तर विचारूच नका, म्युनिकला ऑक्टोबरफेस्टच्या वेळी (नाव ऑक्टोबर, सुरू होतं सप्टेंबरात), एडिंबराला ऑगस्टमध्ये नाटकांचा महोत्सव असतो तेव्हा, ॲमस्टरडॅमला २७ एप्रिलच्या आसपास (तिथल्या राजाच्या वाढदिवसाचा सण), थायलंडला १३ ते १५ एप्रिल सोंगक्रानला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला. तारखा पुढेमागे करता आल्या तर करा नाहीतर खूप आधी बुक करा.

वरचे आकार आधी शोधून ठेवा. युरोपात बऱ्याच शहरांत टूरिस्ट टॅक्स असतो, रोममध्ये माणशी दर रात्रीच्या हिशोबाने, ॲमस्टरडॅममध्ये तर राहण्याच्या बिलावर १२.५ टक्के, आणि हा बऱ्याचदा काउंटरवर वेगळा मागतात. शिवाय टॉवेलचं भाडं, कुठे कुठे चादरीचं भाडं, चावीचं डिपॉझिट, कपडे धुवायच्या मशिनची नाणी. एकेक बघितलं तर किरकोळ, बेरीज केली की एका दिवसाचं जेवण निघतं.

मग बुकिंग

हॉस्टेलवर्ल्ड आणि बुकिंग डॉट कॉम दोन्हीकडे दर बघा, नंतर हॉस्टेलची स्वतःची साइट पण बघा, कधी कधी तिथे नाश्ता फुकट देतात. सरासरी रेटिंगवर जाऊ नका, रिव्ह्यू तारखेप्रमाणे लावून गेल्या दोन-तीन महिन्यांचेच वाचा, कारण मॅनेजर बदलला की हॉस्टेल बदलतं. वाचताना तीन गोष्टी शोधायच्या, ढेकूण, लॉकर आणि रात्रीचा आवाज. "स्टाफ खूप गोड होता" छाप रिव्ह्यूने आपल्याला झोप लागणार नाहीये.

डॉर्म किती खाटांचा हे बघा. १२-१६ खाटांचा सगळ्यात स्वस्त, पण पहिल्यांदा जाताय तर ४ किंवा ६ चा घ्या, थोडे जास्त गेले तरी चालतील. प्रत्येक खाटेला पडदा, स्वतःचा दिवा आणि स्वतःचा प्लग असेल तर डोळे झाकून घ्या, हे ज्या हॉस्टेलने केलंय त्याने बाकीचा विचार पण केलेला असतो. एकट्या जाणाऱ्या मुलींसाठी फक्त बायकांचा डॉर्म बहुतेक मोठ्या शहरांत मिळतो. आणि काका-मावश्यांनी वयाची अट नक्की वाचावी, काही हॉस्टेलं डॉर्ममध्ये ठरावीक वयाच्या पुढच्यांना घेतच नाहीत, अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. लहान मुलं बरोबर असतील तर डॉर्म विसरा, फॅमिली रूम बघा.

रिसेप्शन २४ तास चालू असतं का? हे विचारायचं राहतंच. तुमचं विमान रात्री ११ ला उतरणार असेल आणि काउंटर १० ला बंद होत असेल तर आधी मेसेज टाकून दाराचा कोड मागून घ्या.

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असतो तो) हॉस्टेलचं कन्फर्मेशन चालतं, पण त्यावर नाव पासपोर्टवर आहे तसंच पाहिजे. दोघा मित्रांनी मिळून एकाच्या नावाने बुक केलं आणि दुसऱ्याच्या फाइलला तोच कागद लावला की घोळ होतो, म्हणून दोन्ही नावं लिहून मागवा. फ्री कॅन्सलेशनवालं बुकिंग घ्या. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण १५ दिवसांपर्यंत थांबायचा शहाणपणा करू नका. किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर असलेला इन्शुरन्स लागतोच. व्हिएतनामचं सोपं आहे, ई-व्हिसा ऑनलाइन, फॉर्ममध्ये राहण्याचा पत्ता विचारतात तिथे पहिल्या हॉस्टेलचा टाकायचा. आणि पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी शिल्लक आहे ना हे तिकीट काढायच्या आधी बघा, नाहीतर आधी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्राची चक्कर.

बॅगेत काय

चाळीसेक लिटरची पाठीवरची सॅक पुरते. ट्रॉली नको, जुन्या शहरांतल्या दगडी रस्त्यांवर चाकं खडखडतात आणि बऱ्याच जुन्या इमारतींना लिफ्ट नसते.

कुलूप स्वतःचं न्या. लॉकर बहुधा फुकट असतो पण कुलूप बऱ्याच ठिकाणी विकत किंवा भाड्याने देतात. दाराला लावतो तसलं जाड पितळी नको, त्याची कडी लॉकरच्या भोकात शिरत नाही, बारीक कडीचं नंबरवालं घ्या, जांभळी नाक्याला कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. टॉवेल म्हणून पंचा न्या, खरंच, ते महागडे मायक्रोफायबरचे टॉवेल घेण्यापेक्षा पंचा हलका, खाटेच्या दांडीवर टाकला की सकाळपर्यंत वाळतो आणि वर वरच्या-खालच्या खाटेमध्ये पडदा म्हणून पण लावता येतो. रबरी स्लिपर कॉमन बाथरूमसाठी. कानात घालायचे बोळे आणि डोळ्यावरची पट्टी.

पॉवर बँक चेक-इन सामानात टाकायची नाही, केबिनमध्येच, १०० वॉट-अवरपर्यंतची चालते (नेहमीची २०,००० एमएएचवाली यात बसते). आपला दोन पिनचा चार्जर युरोपात बहुतेक ठिकाणी बसतो, लंडन, सिंगापूर, मलेशियाला चौकोनी तीन पिनांचा ॲडॉप्टर लागतो, जपानला चपट्या दोन पिना.

आता नाजूक विषय. युरोपात संडासात जेट स्प्रे नसतो, नुसता कागद. थायलंड-व्हिएतनामला असतो, तिथे काळजी नाही. युरोपसाठी एक दाबायची प्लॅस्टिकची बाटली बॅगेत ठेवा, टमरेलाचं काम करते आणि कोणाला काही कळत नाही.

पोचल्यावर

मुंबईहून बरीचशी विमानं अपरात्री सुटतात आणि सकाळी तिकडे उतरवतात, पण चेक-इन दुपारी दोन-तीनला. रागावून उपयोग नाही, सगळीकडे हेच. सॅक लगेज रूममध्ये टाका, पासपोर्ट-पैसे जवळ ठेवा, तोंड धुवा आणि फिरायला निघा. काउंटरवर पासपोर्टची कॉपी काढून घेतात, जपान, इटलीसारख्या देशांत त्यांना तशी नोंद ठेवावीच लागते, त्यात घाबरायचं काही नाही. पण चावीच्या बदल्यात पासपोर्टच ठेवून घेतो म्हणाले तर नाही म्हणा, रोख डिपॉझिट द्या. कार्डाने पैसे देताना मशिन विचारतं रुपयांत कापू की तिथल्या पैशात, तिथल्याच पैशात म्हणायचं, रुपयात भाव वाईट लावतात.

खोलीत शिरल्यावर सॅक खाटेवर टाकायची नाही. हे महत्त्वाचं आहे. सॅक दाराशी किंवा बाथरूमच्या फरशीवर ठेवा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि चादरीचा डोक्याकडचा कोपरा उचलून गादीची शिवण बघा, ती जाड दोरीसारखी कड असते ना, तिच्या खाचेत. पेनाची शाई टिपकल्यासारखे काळे ठिपके दिसले की समजा ढेकूण आहेत. मग खाटेचे सांधे आणि स्क्रूची भोकं बघा, भिंतीला टेकलेली बाजू पण. आपल्याकडच्या चाळीतल्या आज्ज्यांना हे शिकवावं लागत नाही, आपली पिढी मात्र विसरली. ढेकूण गलिच्छ ठिकाणीच असतात असंही नाही, चकाचक हॉस्टेलमध्ये पण कोणाच्या तरी बॅगेतून येतात. काही दिसलं तर फोटो काढा, खाली जा, शांतपणे दुसरी खोली मागा, शेजारची खाट नको, दुसरी खोली. तरी शंका वाटली तर घरी आल्यावर सगळे कपडे ६० अंशाच्या गरम पाण्यात धुवा आणि सॅक सरळ घरात नेऊ नका.

किचन

पैसे खरे वाचतात ते इथे. बाहेर एक जेवण १५ युरो आणि सुपरमार्केटमधून आणलेल्या तांदूळ, अंडी, कांदा, टोमॅटोत दोघांचं दोन वेळचं होतं. फ्रिजमध्ये ठेवताना पिशवीवर नाव आणि निघायची तारीख लिहायची, नाव नसलेलं उचलून फेकतात. एक "फ्री" लिहिलेला कप्पा असतो, आधीचे लोक निघताना मीठ, तेल, पास्ता ठेवून जातात, खरेदीच्या आधी तो बघा.

घरून काय न्यावं? पोहे-उपम्याची तयार पाकिटं, मेतकूट, बाकरवडी, थोडी चटणी. युरोपात तूप आणि पेढे नेऊ नका, दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला तिथे बंदी आहे, मेतकूट-भातावर तिकडचं लोणी घाला, छान लागतं. ऑस्ट्रेलियाला तर खायची प्रत्येक वस्तू कार्डावर लिहून सांगायची, लपवलीत तर दंड जबर.

आणि फोडणी. छताला धुराचा अलार्म असतो, तेल कडकडीत तापवून मोहरी टाकली, वर मिरची-हिंग पडलं की तो केकाटतो आणि सगळी इमारत अंगावर असेल त्या कपड्यात रस्त्यावर येते, काही ठिकाणी खोटा अलार्म झाला तर पैसे पण वसूल करतात. तेल मध्यमच तापवा, वरचा पंखा आधी लावा, मोहरी टाकली की झाकण, आणि मिरची घालायची हौस असेल तर पॅन खाली उतरवून घाला. जेवण झालं की भांडी लगेच घासा. सिंकमध्ये भिजत ठेवायची आपली सवय तिथे कोणाला खपत नाही.

रात्र

सॅक रात्री आठ-नऊलाच भरून ठेवा. पहाटे पाचला प्लॅस्टिकच्या पिशव्या चुरचुर वाजवणारा माणूस अख्ख्या डॉर्मचा शत्रू असतो. मोठा दिवा लावायचा नाही, मोबाईलचा अलार्म व्हायब्रेटवर.

घरच्यांना वेळेचा फरक आधीच सांगून ठेवा. उन्हाळ्यात जर्मनी-फ्रान्स आपल्या साडेतीन तास मागे असतात, म्हणजे आई सहाला उठून चहा ठेवता ठेवता व्हिडिओ कॉल लावते तेव्हा तुमच्या डॉर्ममध्ये अडीच वाजलेले असतात. संध्याकाळची वेळ ठरवा, आणि बोलायचं ते कॉमन रूममध्ये, खाटेवर पडून स्पीकरवर नाही.

कोणी घोरत असेल तर बोळे घाला आणि गप्प पडा. पण कोणी त्रास देत असेल, अंगचटीला येत असेल, तर सकाळपर्यंत थांबू नका, मध्यरात्री खाली जाऊन खोली बदलून मागा, चांगली हॉस्टेलं लगेच बदलून देतात, आणि टाळाटाळ केली तर तिथे दुसरी रात्र काढू नका.

निघताना

चेकआउट बहुतेक १० किंवा ११ ला असतो आणि उशीर झाला की काही ठिकाणी जादा पैसे लावतात. चादर-उशीचे अभ्रे काढून टोपलीत टाका, गादीखाली, उशीखाली आणि प्लगमध्ये हात घालून बघा (चार्जर तिथेच राहतो, कायम), लॉकर उघडून आपलं कुलूप काढून घ्या. चावी देऊन डिपॉझिट परत मागा, ते स्वतःहून देतीलच असं नाही. परतीचं विमान रात्रीचं असेल तर सॅक लगेज रूममध्ये दिवसभर ठेवता येते, आणि निघायच्या आधी अंघोळ करायची असेल तर विचारा, बरीच हॉस्टेलं करू देतात, काही दोन-तीन युरो घेतात.