विंडोज ११ वर हात बसवताना : सोलापूरच्या पेढ्या आणि ऑफिसांसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ज्यांनी तोवर टाळलं होतं त्यांच्याही टेबलावर विंडोज ११ येऊन बसली. तेव्हापासून ‘नवं मशीन हळू आहे’ अशी तक्रार फार ऐकू येते. मशीन बहुतेक वेळा हळू नसतंच. बिल करणारा माणूस वर्षानुवर्षं ज्या कोपऱ्यात न बघता क्लिक करत आला, तिथे आता दुसरंच काही असतं. प्रत्येक वेळी हात थांबतो, डोळे शोधतात आणि वेळ तिथे जातो. म्हणून सगळं नवीन शिकत बसू नका. हाताला रोज लागणाऱ्या सात-आठ गोष्टी जागेवर आणा, बाकीचं तसंच राहू द्या. दुपारचा गिऱ्हाईक नसलेला अर्धा तास पुरतो.

‘जुना स्टार्ट मेन्यू परत आणा’ असं सांगणारी बाहेरची सॉफ्टवेअरं मात्र टाकू नका. ती विंडोजच्या आतल्या भागात बदल करतात. एखादं मोठं अपडेट आलं की तो भाग बदलतो, आणि ऐन बिलिंगच्या वेळेला टास्कबार, म्हणजे स्क्रीनच्या तळाची पट्टी, दिसेनाशी होऊ शकते. खाली दिलेलं सगळं विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्जमधलं आहे. आधी विंडोज बटण आणि आय एकत्र दाबा, सिस्टिममध्ये अबाउट उघडा आणि व्हर्जन बघा. २३एच२ किंवा त्यापुढचं हवं. त्याआधीच्या आवृत्तीत यातली काही बटणंच नाहीत, तेव्हा अपडेट करून मग बसा.

पहिली दुरुस्ती टास्कबारची

चाटी गल्लीतल्या कापडाच्या पेढीवर किंवा अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात एका वेळी काय उघडं असतं? टॅली, जीएसटीचं पोर्टल आणि एक्सेलच्या तीन फाइली : दरपत्रक, पार्ट्यांची येणी, लूमचं रोजचं उत्पादन. विंडोज ११ या तिन्ही फाइली एकाच हिरव्या चिन्हाखाली गोळा करते. त्यावर माउस नेला की तीन छोटी चित्रं दिसतात, आणि तिन्ही सारखीच : पांढऱ्या चौकटी आणि बारीक आकडे. घाईत चुकीच्या चित्रावर क्लिक होतं आणि उत्पादनाचा आकडा येण्यांच्या फाइलीत पडतो. हे केवळ गैरसोयीचं नाही, यात हिशेब चुकतो. म्हणून सुरुवात इथूनच करा.

टास्कबारच्या रिकाम्या जागी राइट-क्लिक करून ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडा. सगळ्यात खाली ‘टास्कबार बिहेवियर्स’ आहे. त्यात ‘कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स’समोर ‘नेव्हर’ निवडा. आता प्रत्येक फाइल आपल्या नावासकट वेगळी दिसेल. फाइलींची नावं मात्र वेगळ्या शब्दाने सुरू होऊ द्या. ‘एक्सेल रिपोर्ट १’ आणि ‘एक्सेल रिपोर्ट २’ अशी नावं ठेवलीत तर पट्टीवर दोन्हींचा पहिलाच भाग दिसेल आणि गोंधळ तसाच राहील.

तिथेच ‘टास्कबार अलाइनमेंट’ला ‘लेफ्ट’ करा. यामागे कारण आहे. चिन्हं मध्यभागी असली की नवा प्रोग्रॅम उघडताच सगळी रांग सरकते, स्टार्टचं बटणही सरकतं. डावीकडे ते कोपऱ्यात पक्कं बसतं. उजव्या टोकाला क्लिक करून डेस्कटॉप दिसण्याची सवय असेल तर त्याच यादीत ‘फार कॉर्नर’चा उल्लेख असलेल्या ओळीवर टिक करा. आणि ‘ऑदर सिस्टिम ट्रे आयकॉन्स’मध्ये डिजिटल सहीच्या टोकनचं व यूपीएसचं चिन्ह असेल तर ते चालू करा. नाहीतर ती छोट्या बाणाआड लपतात आणि टोकन लागलंय की नाही हे रिटर्न भरतानाच कळतं. बातम्यांचा पडदा उघडणारं ‘विजेट्स’ सरळ बंद करा.

टास्कबार वर किंवा बाजूला नेण्याची जुनी सोय इथे मिळाली नाही तर शोधत बसू नका. ती विंडोज ११ मधून काढली गेली होती.

राइट-क्लिक आणि स्टार्ट

कट, कॉपी, पेस्ट हे शब्द मेन्यूतून गेले असं वाटतं, पण ते मेन्यूच्या टोकाला चिन्हांच्या ओळीत आहेत. २४एच२ मध्ये त्या चिन्हांखाली नावंही आली आहेत. झिप करणारं किंवा स्कॅनरचं जुनं सॉफ्टवेअर मात्र ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत असतं. तिथवर दोन क्लिक घालवण्यापेक्षा शिफ्ट दाबून राइट-क्लिक करा, जुना पूर्ण मेन्यू थेट उघडतो.

स्टार्टमध्ये ‘रेकमेंडेड’खाली अलीकडच्या फाइली दिसतात. गिऱ्हाइकासमोर स्क्रीन असेल तर दुसऱ्या पार्टीच्या उताऱ्याचं नाव त्यात झळकणं बरं नाही. पर्सनलायझेशनमधल्या ‘स्टार्ट’मध्ये अलीकडच्या फाइलींचं बटण बंद करता येतं. पण सावध : त्याच बटणाने एक्सेलच्या चिन्हावर राइट-क्लिक केल्यावर येणारी शेवटच्या फाइलींची यादीही जाते, फाइल एक्सप्लोररमधलीही. ती यादी रोज वापरणाऱ्याने हे बंद करण्याऐवजी स्क्रीनच वळवून ठेवावी.

कीबोर्ड : मराठी, कन्नड, तेलुगू

सोलापुरात एकाच टेबलावर मराठी पत्र, कन्नड पावती आणि तेलुगू निमंत्रण टाइप होतं. त्यामुळे इथे नीट वेळ द्या. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, मग ‘लँग्वेज अँड रीजन’ आणि ‘अ‍ॅड अ लँग्वेज’. मराठी निवडल्यावर ‘सेट अ‍ॅज माय विंडोज डिस्प्ले लँग्वेज’ ही टिक लागलेली नाही याची खात्री करा. ती राहिली तर सगळे मेन्यू मराठीत जातात आणि दुकानात इतर कुणालाच काही सापडत नाही. मग भाषेसमोरच्या तीन टिंबांतून ‘लँग्वेज ऑप्शन्स’ उघडून कीबोर्ड जोडा. रोमन अक्षरांवरून लिहिणाऱ्यांसाठी ‘मराठी फोनेटिक’, टायपिंग शिकलेल्यांसाठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची अक्षरांची ठरलेली मांडणी.

तीन भाषा सांभाळणाऱ्याला आमचा सल्ला इनस्क्रिप्टचाच. त्यात भारतीय भाषांच्या अक्षरांच्या जागा सारख्या आहेत. इंग्रजी ‘के’च्या बटणावर मराठीत क, कन्नडमध्ये क आणि तेलुगूतही क. एकदा बोटं बसली की तिन्ही लिप्या हाताशी येतात.

भाषा बदलायला विंडोज बटण आणि स्पेस. अडचण अशी की यादीत अमेरिकन आणि भारतीय अशा दोन इंग्रजी असल्या तर फेरा लांबतो आणि कुठली चालू आहे ते कळत नाही. भारतीय ठेवा, तिच्यात उजवा ऑल्ट आणि ४ दाबला की रुपयाचं चिन्ह येतं. अमेरिकन इंग्रजी हीच मेन्यूंची भाषा असेल तर ती काढता येत नाही, अशा वेळी भारतीय काढा. फेरा तरी कमी होईल.

याहून मोठा त्रास : वर्डमध्ये मराठी लिहून टॅलीत गेलात की आकड्यांच्या रकान्यात देवनागरी उमटते. ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये ‘टायपिंग’, त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’. तिथे प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवण्याची टिक लावा. मग वर्ड मराठीत आणि टॅली इंग्रजीत राहते.

पत्रिका छापणाऱ्यांची जुनी फाइल नव्या मशीनवर अगम्य अक्षरांत उघडली तर फाइल बिघडलेली नसते, जुना फाँट इथे नसतो. जुन्या मशीनवरून फाँटची फाइल आणा, शिफ्टसह राइट-क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ घ्या. नुसतं ‘इन्स्टॉल’ केलेला फाँट काही जुन्या प्रोग्रॅमना दिसत नाही.

डेस्कटॉपवरच्या फाइली ‘गेल्या’ तर

इथे घाबरून काहीही डिलीट करू नका. मशीन सुरू करताना बॅकअपला होकार दिला गेला की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्याशी जोडलेल्या, फोल्डरमध्ये हलतात. मोफत जागा ५ जीबी. ती भरली की ‘जागा संपली’चे इशारे सुरू होतात, आणि हीच फाइली हरवण्याची वेळ असते : जागा करायला म्हणून लोक वनड्राइव्हमधून फाइली पुसतात आणि त्या डेस्कटॉपवरूनही जातात, कारण ती एकच फाइल असते.

आधी सगळं पेनड्राइव्हवर कॉपी करा. मग घड्याळाजवळच्या ढगाच्या चिन्हावर क्लिक करून सेटिंग्ज, ‘सिंक अँड बॅकअप’, ‘मॅनेज बॅकअप’ आणि तिथे डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स बंद करा. डेस्कटॉप रिकामा दिसला तर फाइल एक्सप्लोररमध्ये वनड्राइव्हच्या आतला डेस्कटॉप उघडा. फाइली तिथे असतील. उचलून खऱ्या डेस्कटॉपवर आणा. पुसलेल्या फाइली आधी रीसायकल बिनमध्ये आणि मग वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या रीसायकल बिनमध्ये बघा.

प्रिंटर

बिलांचा डॉट मॅट्रिक्स आणि पत्रांचा लेझर असे दोन प्रिंटर असतील तर विंडोज शेवटी वापरलेल्यालाच मुख्य धरते. म्हणून पत्र छापल्यानंतरचं पहिलं बिल लेझरमधून येतं. ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ उघडा, ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करा, मग डॉट मॅट्रिक्सवर क्लिक करून ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट’. हाच क्रम पाळा. आधीचं चालू असेल तर दुसरं बटण दिसतच नाही. नंतर एक पत्र लेझरवर छापा आणि लगेच एक बिल. बिल डॉट मॅट्रिक्सवर आलं की सेटिंग बसलं.