चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाताय? या चुका टाळा

रामनवमी ते चैत्र पौर्णिमा हा गडावरच्या चैत्रोत्सवाचा काळ, आणि नेमका तेव्हाच जळगाव-धुळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो. पायी जाणाऱ्यांचे हाल अंतरामुळे कमी आणि वेळ चुकल्यामुळे जास्त होतात. चहा-आंघोळ-आरती उरकून सहाला निघालेली मंडळी साडेअकराला भर डांबरावर असतात, आणि पुढच्या गावी जेवण ठरलंय म्हणून थांबतही नाहीत. त्यातच डीजेच्या गाडीमागे नाचणं सुरू असेल तर अंगातली उष्णता आणखी वाढते.

पहाटे तीनला निघा, दहाच्या आत सावली गाठा, पाचनंतरच पुन्हा रस्त्याला लागा. मुक्काम किलोमीटरवर ठरवू नका. दहा वाजता आपण कुठे असू, तिथे पाणी आणि गार जागा आहे का, ते आधी बघा. पत्र्याच्या शेडखाली दुपार काढण्यापेक्षा मळ्यातलं आंब्याचं झाड कितीतरी बरं. अंधारात चालताना रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरची वाहनं दिसतील असं चाला. पाठीवर रेडियमची पट्टी हवी आणि पहिल्या-शेवटच्या माणसाच्या हातात बॅटरी.

पाण्याची चूक दोन्ही बाजूंनी होते. कोणी तहानेने व्याकूळ होईपर्यंत पीत नाही, तर कोणी थांब्यावर दीड-दोन लिटर एकदम रिचवतो. दर १५-२० मिनिटांनी ग्लासभर, म्हणजे साधारण २०० मिली पुरे. दिवसभर नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही, रक्तातलं मीठ कमी होतं, डोकं दुखतं, मळमळतं. आणि माणूस उन्हाचा त्रास समजून आणखी पाणी पितो. म्हणून मधूनमधून ओआरएस घ्या. १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच मिसळा, ग्लासात अंदाजाने नको. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात साखर ६ सपाट छोटे चमचे आणि मीठ अर्धा सपाट छोटा चमचा. मीठ-जिरं घातलेलं ताक, कैरीचं पन्हंही चालतं. कुठल्या पाण्याचा बर्फ आहे हे माहीत नसलेलं रंगीत सरबत टाळा. जुलाब लागले की वारी तिथेच संपते. लघवी गडद पिवळी होऊ लागली तर पाणी कमी पडतंय. बीपी, किडनी किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर मिठाचं, पाण्याचं आणि डोसचं निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या मनाने बंद करू नका.

नवे बूट घालून निघणं ही हमखास फोडांची तयारी. रोजचे, जरा सैल बूट घ्या, मोजे ओले झाले की बदला. कातडी चुरचुरायला लागली की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावा. फोड त्याच्या पुढची पायरी आहे. फोडातून सुई-दोरा ओवून दोरा तसाच ठेवायची पद्धत सोडा, त्या दोऱ्यावाटे जंतू आत जातात. फारच दुखत असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचा, पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या. मधुमेह असलेल्यांनी टोचूच नये. नवस अनवाणी चालण्याचा असेल तर गडाच्या पायथ्याच्या नांदुरीपासूनचा सुमारे १० किलोमीटरचा घाट पहाटे अनवाणी चढा. तापलेल्या डांबराने तळव्यांची सालं निघाली तर वरच्या पायऱ्याही चढवणार नाहीत.

खिशातल्या कांद्याने ऊन लागायचं थांबत नाही. चक्कर, गोळे, भरपूर घाम असेल तर सावलीत आडवं करून पाय वर ठेवा, ओआरएस द्या. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या, अंग चटका बसण्याइतकं तापलं, तर तो उष्माघात समजा, मग घाम येत असो वा नसो. १०८ ला फोन करा आणि वाट बघत न बसता कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान-काख-जांघेत बर्फ ठेवा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, आणि शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतणं चालूच ठेवा.