खिडकी कधी उघडावी, कधी लावावी

सकाळची हवा शुद्ध असते, हे हिवाळ्यात दरवेळी खरं नसतं. रात्री जमीन गार होते, थंड हवा खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं. वाहनांचा, शेकोट्यांचा धूर मग जमिनीलगतच कोंडून राहतो. ऊन चढलं की हे झाकण सुटतं. म्हणून अशा दिवसांत खिडक्या पहाटे उघडण्यापेक्षा दुपारी उघडा, फिरायलाही तेव्हाच जा. कडक उन्हाळ्यात मात्र उलटं: दुपारी जमिनीलगत ओझोन हा श्वासाला त्रासदायक वायू वाढतो, त्यामुळे सकाळ बरी.

हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकासोबत (एक्यूआय) पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा आकडाही बघा. हे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक. फुप्फुसात खोलवर जातात, काही रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. रुमाल बांधून हे कण अडत नाहीत. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन९५ मास्क हवा.

आणि हो, फोडणीचा धूरही यातच मोडतो. बाहेरची हवा कितीही चांगली असो, स्वयंपाक करताना धूर बाहेर फेकणारा पंखा लावाच.