गरोदरपणात नाक चोंदलंय? मिठाच्या पाण्याने नीट कसं धुवायचं

गरोदरपणात नाक चोंदलं की ती सर्दीच असते असं नाही. संप्रेरकं बदलतात, शरीरातलं रक्त वाढतं आणि नाकाचं आतलं अस्तर सुजतं. ताप नाही, खाज नाही, तरी ६ आठवडे किंवा जास्त काळ नाक बंदच असेल, तर कारण बहुधा हेच. बाळंतपणानंतर साधारण २ आठवड्यांत ते आपोआप मोकळं होतं.

तोवर दिवसातून एक-दोनदा नाक धुवा.

पाणी खळखळून उकळलं की आणखी १ मिनिट उकळू द्या, मग कोमट करा. फिल्टरचं पाणी चालतं, हा सल्ला सपशेल धुडकावा. न उकळलेल्या पाण्यातला अमीबा नाकातून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. असं क्वचितच घडतं, पण ते जीवघेणं असतं.

२५० मिली पाण्याला सव्वादोन ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ, म्हणजे चहाचा अर्धा चमचा, त्यातही किंचित कमी. 'चिमूटभर टाका' म्हणणाऱ्यांमुळेच नाक झोंबतं. मीठ जास्त झालं तर झोंबतंच, पण कमी पडलं तरीही झोंबतं.

खरी गडबड होते ती मान धरण्यात. डोकं मागे टाकलंत तर पाणी थेट घशात उतरणार. बेसिनवर पुढे वाका, मान एका कुशीला वळवा, कपाळ आणि हनुवटी एका पातळीत ठेवा. तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या. वरच्या नाकपुडीत तोटीच्या भांड्याने (नेतीपात्राने) पाणी हळूहळू सोडा, ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येईल. अडलं तर जोर लावू नका, दुसऱ्या बाजूने करून पाहा. पोट वाढलं की वाकताना चक्कर येऊ शकते, तेव्हा स्टुलावर बसूनच करा.

नंतर पुढे वाकून पाणी निथळू द्या आणि दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच शिंकरा. एक दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानाकडे ढकललं जातं आणि कान दुखतो. धुतल्यावर लगेच आडवं होऊ नका. भांडं धुऊन वाळवा.

झोपताना डोक्याकडची बाजू उंच ठेवा.

नाक मोकळं करणारे थेंब किंवा गोळ्या मनाने घेऊ नका. थेंब काही दिवस सलग वापरले की ते थांबवताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन पहिल्या तीन महिन्यांत टाळायला सांगतात, आणि त्याने रक्तदाबही वाढू शकतो.

ताप, चेहरा दुखणं, घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड असेल तर डॉक्टरांना दाखवा. नव्याने घोरणं सुरू झालं, झोपेत श्वास अडकतोय असं घरच्यांनी सांगितलं, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा आणि रक्तदाबही मोजून घ्या.