मुलासाठी कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी: आधी गेमची यादी, मग पार्ट्सची

पोरांनी गेमिंग पीसी मागितला की आपण पहिली गोष्ट काय करतो, तर बजेट ठरवतो आणि त्या बजेटमध्ये "सगळ्यात भारी काय येतं" ते शोधत बसतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की इथूनच पैसे चुकीच्या जागी जायला लागतात. आधी मुलाला शेजारी बसवा, वही घ्या आणि तो खरंच कोणते गेम खेळतो, मित्रांबरोबर कोणते खेळायचेत ते त्याच्या तोंडून लिहून घ्या. "सगळे" असं उत्तर आलं तर पहिले पाच सांग म्हणा. माझ्या लेकाची यादी होती माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स, फोर्टनाइट, रॉकेट लीग आणि एक मोठा ओपन वर्ल्ड गेम जो त्याने फक्त व्हिडिओत बघितला होता. पहिल्या चारांना वेगळं ग्राफिक कार्डसुद्धा लागत नाही आणि पाचव्यावर १८ वयाचा शिक्का होता, म्हणजे तो काही वर्षं तरी घरात येणारच नव्हता, आणि त्या एका गेमपायी आम्ही खर्च जवळपास दुप्पट करायला निघालो होतो.

यादी करताना थोडं खोदून विचारा. माइनक्राफ्ट म्हणजे साधं की शेडर्स (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या करणारी जोड) आणि मॉड्स (गेममध्ये बदल करणारी जोड) टाकून? साधं माइनक्राफ्ट अगदी साध्या मशीनवर चालतं, पण शेडर टाकले की तोच गेम चांगल्या कार्डला घाम फोडतो आणि मोठे मॉडपॅक ८ जीबी रॅममध्ये नीट चालतच नाहीत. व्हॅलोरंट असेल तर विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात, म्हणजे फार जुनं मशीन तिथेच बाद. आणि विंडोजचे पैसे वाचवायला त्याऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टीम टाकू असं कोणी सुचवलं तर फोर्टनाइट आणि व्हॅलोरंट दोन्ही त्यावर चालत नाहीत. मला स्वतःला लिनक्स आवडतं, पण सगळं जोडून झाल्यावर मुलाला हे कळलं तर त्याचा चेहरा बघवत नाही.

आता यादी हलकी असेल तर सगळ्यात शहाणा रस्ता म्हणजे ज्या प्रोसेसरच्या आतच बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे तो घ्या, कार्ड नंतर. एएमडीच्या नावात शेवटी जी असलेले प्रोसेसर यासाठीच असतात, रायझन ५ ५६००जी किंवा बजेट थोडं वर असेल तर ८६००जी. ५६००जी मदरबोर्डच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसायच्या जागेवर) बसतो आणि डीडीआर४ रॅम घेतो, ८६००जी एएम५ वर बसतो आणि तिथे फक्त डीडीआर५ चालते, त्यामुळे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम हे तिन्ही एकत्रच ठरवा, एकेक करून ऑफर दिसली म्हणून उचलू नका. एएम५ महाग पडतं पण पुढे नुसता प्रोसेसर बदलायला वाट राहते, एएम४ स्वस्त पडतं पण तो सॉकेट आता म्हातारा झालाय. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेल तर मी एएम४ घेऊन उरलेले पैसे बाजूला ठेवेन, तेरा-चौदाचा असेल तर एएम५ साठी थोडं थांबायलाही हरकत नाही.

यात एक गोष्ट मात्र कोणीही सांगितलं तरी सोडू नका, रॅम दोन स्टिकची घ्या. १६ जीबी म्हणजे ८ + ८. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते आपल्या साध्या रॅममधूनच काम भागवतं, आणि एकच स्टिक लावली की रस्ता अर्धा होतो. फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) इतक्या पडतात की मुलाला वाटतं पीसीच खराब आहे. तयार मशीन घेताना पण हे विचारा, कारण पुष्कळ ठिकाणी १६ ची एकच स्टिक लावून देतात आणि वर "पुढे वाढवता येईल" म्हणून तोच फायदा असल्यासारखं सांगतात.

यादी जड असेल तर मग कार्ड घ्यायलाच हवं, आणि बजेटचा सगळ्यात मोठा हिस्सा कार्डलाच जाऊ द्या, प्रोसेसरला नाही. रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५ १२४००एफ, दोन्ही ६ कोअरचे, १०८०पी (फुल एचडी) वर खेळणाऱ्या मुलाला भरपूर होतात, अगदी हात आखडला असेल तर ४ कोअरचा आय३ १२१००एफ सुद्धा चालून जातो. एफ लिहिलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स अजिबात नसतं हे लक्षात असू द्या, कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, "कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ" असा विचार असेल तर एफ घेऊ नका. कार्डमध्ये ८ जीबी मेमरीच्या खाली जाऊ नका, आरएक्स ६६०० हे अजूनही या कामाचं फार समजूतदार कार्ड आहे, नवीन किंवा सेकंडहँड. आरएक्स ६५०० एक्सटी नाव जवळचं वाटतं म्हणून फसू नका, त्यात मेमरी बहुतेक ४ जीबीच असते आणि ते बोर्डशी फक्त ४ लेननी (डेटाच्या वाटांनी) बोलतं, त्यामुळे ज्या मशीनला पीसीआय एक्सप्रेस (कार्ड जोडायचा मार्ग) ३.० आवृत्तीचा आहे तिथे ते आणखी मागे पडतं, आणि ५६००जी ला ३.० च आहे. इंटेलचं आर्क कार्ड घेणार असाल तर बोर्डमध्ये रिसाइजेबल बार (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू करता येतो का ते आधी बघा, त्याशिवाय ती कार्डं फार दबतात.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्ट्सना वीज देणारा डबा. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मी इथेच चुकले. कॅबिनेटबरोबर फुकट एसएमपीएस मिळत होता, वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट लिहिलेलं, दुकानदार म्हणाला की चालेल मॅडम. आणि खरंच चालला, सात-आठ महिने, कारण तोपर्यंत कार्ड नव्हतंच. मग वाढदिवसाला आरएक्स ६६०० लावलं आणि गेम सुरू झाला की दहा मिनिटांत पीसी आपोआप बंद होऊन परत चालू. आम्ही विंडोज परत टाकलं, ड्रायव्हर बदलले, कार्ड खराब म्हणून परत करायला निघालो. शेवटी एसएमपीएसच्या बाजूचं लेबल नीट वाचलं, त्यावर १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिलं होतं. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट, आणि कार्ड आणि प्रोसेसर दोघंही या १२ व्होल्टवरच जगतात. एकटं कार्ड १३२ वॅट घेतं, प्रोसेसर कागदावर ६५ आणि जोरात असताना त्याहून जास्त, वर पंखे आणि बोर्ड, उरलं काय? हा गुणाकार तुम्ही घ्यायच्या आधी करा, दुकानात उभं राहून करा. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), चांगल्या नावाचा एसएमपीएस या सगळ्या बजेट मशीनना पुरतो, आणि कार्डसाठी ८ पिनची खरी केबल त्याच्यातूनच यायला हवी, मोलेक्स या जुन्या चार पिनी जोडावरून अडॅप्टर लावून काढलेली नको. मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) असेल तर जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका, दिसायला सारख्या असल्या तरी आतल्या वायरची जागा वेगळी असू शकते आणि पार्ट्स जळतात.

सेकंडहँडबद्दल लोक एकतर फार घाबरतात किंवा डोळे मिटून घेतात. प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट जुनं घ्यायला माझी काही हरकत नाही, प्रोसेसर तर फार क्वचित बिघडतो, फक्त एएम४ च्या प्रोसेसरच्या पिना वाकलेल्या नाहीत ना ते बघा. एसएमपीएस आणि जुनी हार्ड डिस्क नको. कार्ड घ्यायचं असेल तर चालू मशीनमध्ये समोर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, अर्धा तास कुठलाही गेम चालवा, पंख्यांचा आवाज ऐका, आणि जीपीयू-झेड नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम उघडून कार्डचं नाव आणि मेमरी तपासा, कारण जुन्या कार्डला नवीन नाव चढवून विकणारे आहेत. एसएसडी जुनी असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये हेल्थ बघा.

अजून एक स्वस्त रस्ता म्हणजे ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप घेऊन त्यात कार्ड टाकायचं. चांगला रस्ता आहे पण त्यात तीन खड्डे आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोज ११ चालेल असाच घ्या, इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढे. दुसरं, सडपातळ डबा असेल तर त्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसतच नाही, अर्ध्या उंचीचं लागतं आणि त्यात निवड फार कमी, म्हणून उभा टॉवरवाला शोधा. तिसरं, अशा मशीनचा एसएमपीएस बऱ्याचदा वेगळ्याच मापाचा असतो आणि त्यातून कार्डला जादा केबल निघत नाही, मग स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागणारं कार्डच घ्यावं लागतं, उदाहरणार्थ जीटीएक्स १६५० ची काही मॉडेल. हलक्या यादीला एवढं पुरतं.

एसएसडी ५०० जीबी तरी घ्या, जमलं तर १ टीबी, मोठे गेम एकेक १०० जीबीच्या वर जातात आणि मग मुलगा रोज काहीतरी डिलीट करत बसतो. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, हेडफोन हे बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा, नाहीतर शेवटी पैसे उरत नाहीत. आरजीबी लायटिंग मुलाला हवीच असेल तर एखादी पट्टी घ्या, तिचा आनंद खरा असतो, पण लायटिंगवाल्या रॅमसाठी कमी रॅम घेऊ नका. आणि स्वस्त बोर्डात वायफाय नसतं, राउटर लांब असेल तर ते आधीच बघून ठेवा.

जोडायचं मात्र मुलाबरोबर. दहा वर्षांचं मूलही स्क्रू लावू शकतं, रॅम बसवू शकतं, आणि ज्याने स्वतः जोडलाय तो पीसीला लाथ मारत नाही हा माझा अनुभव आहे. सुट्टीची दुपार घ्या, गालिच्यावर नाही तर टेबलावर, आणि हात लावायच्या आधी कुठल्या तरी मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा म्हणजे अंगातली स्टॅटिक जाते. प्रोसेसरच्या कोपऱ्यात छोटा त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि एएम४ मध्ये तो स्वतःच्या वजनाने आत पडतो, दाबायचा नाही, हे काम मोठ्यांनी करा. कूलरखाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर काढा. चार स्लॉट असतील तर रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, टक असा आवाज येईपर्यंत, इथे मुलाला जोर लावू द्या. मागची आयओ शील्डची पट्टी (पोर्टभोवती बसणारी धातूची) सुटी असेल तर बोर्डच्या आधी बसवा, आम्ही विसरलो होतो आणि सगळं परत काढलं. बोर्डला २४ पिनची मोठी केबल आणि वर डाव्या कोपऱ्याजवळ प्रोसेसरची ८ पिनची वेगळी केबल, ही दुसरी राहिली की पंखे फिरतात पण स्क्रीन काळी राहते.

चालू झाल्यावरची दोन-तीन कामं न केल्यामुळे पुष्कळ मुलं अर्ध्या ताकदीचा पीसी वापरतात. मॉनिटरची केबल कार्डला लावा, बोर्डला नाही. बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो ही रॅमची सेटिंग चालू करा, नाहीतर रॅम तिच्या डब्यावर लिहिलेल्या स्पीडला चालतच नाही. १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा) मॉनिटर घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो १४४ वर करा, बऱ्याचदा तो ६० वरच पडलेला असतो.

आणि मुलाचं अकाउंट ॲडमिन ठेवू नका, साधं स्टँडर्ड अकाउंट द्या, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. फुकट रोबक्स, फुकट स्किन, चीट अशा नावाने जे डाउनलोड मिळतं त्यात व्हायरस असतात आणि मुलाचं गेम अकाउंट चोरीला जातं, ते त्याच्यासाठी फार मोठं दुःख असतं, म्हणून रागावून नाही तर आधीच बसून समजावून सांगा. खेळायचा वेळ आणि खरेदी आवरायला मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी फुकट आहे, तुमचं बँकेचं कार्ड मात्र कुठल्याही गेम स्टोअरमध्ये सेव्ह करून ठेवू नका.

वर्ष-दीड वर्षाने "मम्मी पीसी स्लो झालाय" येईलच. तेव्हा लगेच काही विकत घेऊ नका, गेम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि मुलालाच आकडे वाचायला सांगा. ग्राफिक कार्ड ९५ टक्क्यांच्या वर आणि प्रोसेसर निवांत, तर कार्ड कमी पडतंय, आधी सेटिंग खाली करून बघा. कार्ड ५०-६० वर आणि तरी गेम अडखळतोय तर प्रोसेसर. मेमरी काठोकाठ भरली असेल तर रॅम. आमच्याकडे गेल्या वेळी मेमरी भरलेली निघाली, आणि तीही गेममुळे नाही तर मागे उघड्या ठेवलेल्या ब्राउझरच्या चाळीस टॅबमुळे.